वाचक विचारतात, नाना सांगतात: रिलीज प्लगइन चेक-इनच्या दारात अडतं तेव्हा

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेकांचं दुखणं एकच आहे. बिल्ड चालतं, टेस्ट पास होतात आणि शेवटी प्लगइन (रिलीज करणारं जोड-साधन) स्वतःच्या हातानं काही कमिट, म्हणजेच चेक-इन, करायला (कोडच्या सामायिक साठ्यात बदल नोंदवायला) गेलं की सर्व्हर किंवा क्लायंट त्याला हाकलून देतो. गावं आणि साधनं वेगळी असली तरी गाठ तीच, म्हणून सगळी पत्रं एकत्र घेतो. जळगावच्या पत्राला जास्त जागा देतो, कारण त्यात सगळ्यात जास्त गुंता आहे.

प्रश्न: नाना, नमस्कार. आम्ही जळगावात डाळ मिल आणि जिनिंगवाल्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो. टीम लहान आहे. कोड जावात, बिल्ड मेव्हन या साधनावर, कोडचा सगळा साठा एसव्हीएनमध्ये. दिवाळीनंतर साहेबांनी नियम लावला की कमिटच्या मेसेजमध्ये जिराचा (कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) तिकीट नंबर नसेल तर सर्व्हर कमिट घेणार नाही. नियम आम्हाला मान्य आहे. पण तेव्हापासून मेव्हनचं रिलीज प्लगइन चालेना. नेमकं कमिटच्या वेळी ‘कमिट ब्लॉक्ड बाय प्री-कमिट हुक’ असं येतं. ड्राय रन केला तर सगळं व्यवस्थित. मग मी प्रीफिक्सच्या सेटिंगमध्ये प्लगइनच्या नावापुढे तिकीट नंबर जोडला, तरी तेच. साहेब म्हणतात प्लगइन बदला, मी म्हणतो नियम काढा. तुम्हीच सांगा. (एक वाचक, जळगाव)

उत्तर: भाऊ, नियमही राहू द्या आणि प्लगइनही. भांडण तिसऱ्याच जागी आहे.

आधी ड्राय रनचं बघू, कारण त्यानं भल्याभल्यांना फसवलंय. ड्राय रनमध्ये प्लगइन पॉम फाइल (प्रोजेक्टची माहिती आणि आवृत्ती असलेली मेव्हनची फाइल) बदलल्यावर कशी दिसेल याच्या दोन प्रती शेजारी लिहून ठेवतं, एक टॅगसाठी (रिलीजच्या वेळच्या कोडवरची खूण) आणि एक पुढच्या आवृत्तीसाठी. टेस्टही चालवतं. पण कमिट करत नाही, टॅग करत नाही. तुमचा हुक, म्हणजे कमिट तपासणारी स्क्रिप्ट, बसलाय सर्व्हरवर, आणि तो कमिट आल्याशिवाय जागाच होत नाही. म्हणजे ड्राय रन हिरवा आला याचा तुमच्या नियमाशी काडीचाही संबंध नाही.

आता खऱ्या रनमध्ये ‘रिलीज प्रिपेअर’ काय करतं ते क्रमानं पाहा. वर्किंग कॉपीत न कमिट केलेलं काही आहे का ते तपासतं. डिपेंडन्सींमध्ये कुठे स्नॅपशॉट, म्हणजे अजून पक्की न झालेली आवृत्ती, राहिलाय का ते बघतं. पॉममधल्या आवृत्तीमागचं स्नॅपशॉट काढतं. तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर ‘क्लीन व्हेरिफाय’ चालवतं. मग पहिला कमिट. मग टॅग. मग पॉममध्ये पुढची स्नॅपशॉट आवृत्ती लिहून दुसरा कमिट. गिटमध्ये टॅग ही कमिटपेक्षा वेगळी गोष्ट असते. एसव्हीएनमध्ये मात्र टॅग म्हणजे सरळ फोल्डरची कॉपी, आणि कॉपी म्हणजेही कमिट. त्यामुळे एका रिलीजमध्ये तुमच्या हुकसमोर प्लगइन तीनदा उभं राहतं, आणि तिन्ही वेळा मेसेज त्याचा स्वतःचा: सुरुवातीला चौकोनी कंसात ‘मेव्हन-रिलीज-प्लगइन’, पुढे ‘प्रिपेअर रिलीज’, ‘कॉपी फॉर टॅग’ किंवा ‘प्रिपेअर फॉर नेक्स्ट डेव्हलपमेंट इटरेशन’. तिकीट नंबर कुठेच नाही. हुकनं अडवलं तर तो त्याचं कामच करतोय.

मेसेजची सुरुवात बदलायला प्लगइनला एक पॅरामीटर आहे, ‘एससीएम कमेंट प्रीफिक्स’, सलग लिहायचा. तो तुम्ही वापरलात, पण नंबर प्लगइनच्या नावामागे लावलात. तुमच्या पत्रासोबतच्या हुकच्या ओळी पाहिल्या. त्यातल्या पॅटर्नच्या सुरुवातीला टोपीचं चिन्ह आहे, म्हणजे नंबर मेसेजच्या अगदी पहिल्या अक्षरापासून हवा. तुमच्या मेसेजचं पहिलं अक्षर चौकोनी कंस. नंबर आत कुठेतरी असून उपयोग नाही. प्रीफिक्सची सुरुवात तिकीट नंबरानं, समजा ‘डीएम-४१२’, अशी करा, प्लगइनचं नाव ठेवायचं तर त्यामागे ठेवा.

इथेच आणखी एक ठेच लागते. प्लगइनच्या जुन्या आवृत्त्या प्रीफिक्स आणि पुढचा मजकूर नुसते चिकटवतात. मध्ये मोकळी जागा हवी तर ती प्रीफिक्सच्या शेवटी तुम्हीच द्यायची. आणि पॉमच्या एक्सएमएलमध्ये दिलीत तर वाचतानाच ती छाटली जाते, मग मेसेज येतो ‘डीएम-४१२प्रिपेअर रिलीज’. हुकचा पॅटर्न नंबरानंतर जागा मागत असेल तर पुन्हा नकार. त्यामुळे मी प्रीफिक्सच्या शेवटी अपूर्णविराम, म्हणजे कोलन, ठेवतो. ते कोणी छाटत नाही. फक्त तुमच्या पॅटर्नला कोलन चालतं ना, ते पाहा. किंवा कमांड लाइनवर अवतरणात द्या, तिथे जागा टिकते. तिसऱ्या मालिकेच्या प्लगइनमध्ये रिलीजच्या आणि पुढच्या आवृत्तीच्या कमिटचे अख्खे मेसेज वेगवेगळे ठरवता येतात. शक्य असेल तर त्या आवृत्तीवर या.

तसंही कमांड लाइनच बरी. कारण नंबर पॉममध्ये लिहिला की तो तिथेच मुरतो. पुढच्या रिलीजला कोणी बदलत नाही, मग दोन वर्षांनी पाहावं तर प्रत्येक रिलीज त्याच ‘डीएम-४१२’ वर. भुसावळच्या एका वाचकानं हाच उपाय मोठ्या अभिमानानं कळवलाय: ‘आम्ही डीएम-१ नावाचं एक कायमचं तिकीट काढून ठेवलंय, कधी बंदच करत नाही.’ मला हे पटत नाही. साहेबांनी नियम कशासाठी लावला? उद्या यावलच्या मिलवाल्यानं फोन करून विचारलं की जीएसटीचा कॉलम कोणत्या आवृत्तीत बदलला, तर धागा सापडावा म्हणून. कायमच्या तिकिटानं हुक खूश होतो, धागा तुटतो तो तुटतोच. रिलीज हेही कामच आहे. प्रत्येक रिलीजला स्वतःचं तिकीट काढा, त्यात कोणाला काय दिलं ते लिहा, आणि जेनकिन्सच्या (बिल्ड आपोआप चालवणारं साधन) जॉबला तो नंबर पॅरामीटर म्हणून विचारायला लावा. पॅरामीटर रिकामा असेल तर जॉब पहिल्याच ओळीत बंद पडू द्या. अर्धा तास टेस्ट चालल्यावर नकार येण्यापेक्षा ते परवडलं.

काही ठिकाणी हुक नुसता पॅटर्न बघत नाही, जिराला विचारतो: तिकीट उघडं आहे का, कमिट करणाऱ्याच्या नावावर आहे का. तिथे बिल्डच्या युजरला जिरातही खातं लागतं आणि रिलीजचं तिकीट त्याच्या नावावर करावं लागतं. थोडं विचित्र दिसतं, पण चालतं.

दुसरा मार्ग हुकमध्येच सूट देण्याचा. बहुतेक जण सूट देतात ती अशी: मेसेजमध्ये ‘मेव्हन-रिलीज-प्लगइन’ दिसलं की जाऊ दे. असं करू नका. तो मजकूर कोणीही टाइप करू शकतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी करतोच. सूट द्यायचीच तर दोन अटी एकत्र लावा: कमिट करणारा युजर बिल्डचाच हवा, आणि बदललेल्या फाइलींमध्ये पॉम फाइली किंवा टॅगच्या फोल्डरमधली कॉपी याखेरीज काही नको. ‘एसव्हीएनलुक’ हुकला दोन्ही गोष्टी सांगतो, युजरचं नावही आणि बदललेल्या फाइलींची यादीही. बिल्ड युजरचा पासवर्ड फक्त जेनकिन्सकडे ठेवा. टीममध्ये तो सगळ्यांना पाठ असेल तर पहिल्या अटीला अर्थ राहत नाही.

हुक लिहिताना आणखी दोन गोष्टी, कारण मला येणाऱ्या पत्रांत त्या पुन्हापुन्हा येतात. एक, एसव्हीएन हुकला जवळजवळ रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवतं, पाथसुद्धा नसतो. हातानं चालवून पाहिला तर चालतो आणि सर्व्हरवर पडतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच. प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. दोन, नकार देताना कारण स्टँडर्ड एररवर छापा. स्टँडर्ड आउटपुटवर छापलेलं कमिट करणाऱ्यापर्यंत पोचतच नाही, आणि मग तुमच्यासारखा माणूस कोरा ‘ब्लॉक्ड’ बघत बसतो. ‘तिकीट नंबर सुरुवातीला लिहा, उदाहरणार्थ डीएम-४१२’ एवढं एक वाक्य हुकनं छापलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आता नकार आल्यावर मागे राहिलेला पसारा. पॉम बदललेला आहे, शेजारी बॅकअप फाइली आहेत, आणि ‘रिलीज प्रॉपर्टीज’ नावाच्या फाइलीत प्लगइननं कुठवर आलो ते लिहून ठेवलंय. तशीच पुन्हा कमांड दिलीत तर ते पहिल्यापासून सुरू करत नाही, थांबलं तिथून उचलतं. आवृत्तीचे जुने आकडेही त्या फाइलीतूनच घेतं. म्हणून सेटिंग बदलल्यावर स्वच्छ पाटीवर या. पण त्यासाठी ‘रिलीज रोलबॅक’ वापरायला जाल तर सावध: रोलबॅक पॉम परत पहिल्यासारखा करतो आणि तोही कमिट करायला जातो, मेसेज ‘रोलबॅक द रिलीज ऑफ’ अमुक. पुन्हा तोच हुक. तुमचा तर पहिलाच कमिट सर्व्हरवर पोचला नाही, म्हणजे मागे घ्यायला तिथे काही नाहीच. वर्किंग कॉपीत ‘एसव्हीएन रिव्हर्ट’ करा, मग ‘रिलीज क्लीन’, आणि नव्यानं सुरू करा. पहिला कमिट गेला आणि टॅगला नकार आला, अशी वेळ आली तर मात्र सर्व्हरवरचा कमिट हातानं, योग्य तिकीट नंबर लिहून, उलटवावा लागेल.

साहेबांना माझा नमस्कार सांगा. नियम चांगला आहे. लावायच्या आधी बिल्ड मशीनवरून एक खरा कमिट करून पाहिला असता तर आणखी चांगला झाला असता.

प्रश्न: नाना, हाई काय व्हई ऱ्हायनं? आमच्याकडे कोडच्या साठ्यासाठी मायक्रोसॉफ्टचं टीएफएस आहे. अर्धा कोड डॉटनेट, अर्धा जावा. चेक-इन पॉलिसी दोन: कमेंट हवी आणि वर्क आयटम (कामाची नोंद) जोडलेला हवा. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओतून सगळं चेक-इन होतं. एक्लिप्सवाल्या मुलांचंही होतं. लिनक्सच्या बिल्ड मशीनवरून मेव्हन चेक-इन करायला गेलं की ‘पॉलिसी लोड होत नाही’. कधी म्हणतं पॉम फाइल रीड-ओन्ली आहे. सर्व्हरवाला म्हणतो सर्व्हरवर एकही एरर नाही, तुमचंच काहीतरी बिघडलंय. (एक वाचक, धुळे)

उत्तर: सर्व्हरवाला खरं बोलतोय. टीएफएसची, म्हणजे २०१९ पासून जिला अझुर डेव्हऑप्स सर्व्हर म्हणतात तिची, चेक-इन पॉलिसी सर्व्हरवर चालतच नाही. कोणती पॉलिसी लावायची एवढी नोंद सर्व्हरवर असते. तपासणी होते ती चेक-इन करणाऱ्याच्या मशीनवर.

रावेरकडच्या वाचकांना हे लगेच समजेल. केळीचा माल भरताना व्यापाऱ्याचा माणूस मळ्यातच घड पाहून घेतो, आणि नंतर गाडी काट्यावर जाते. टीएफएसची पॉलिसी म्हणजे मळ्यातला माणूस. जळगावच्या पत्रातला एसव्हीएनचा हुक म्हणजे काटा. मळ्यातला माणूस त्या दिवशी आलाच नाही, तर घड तपासायचे कोणी?

तुमच्या बिल्ड मशीनवर नेमकं तेच झालंय. व्हिज्युअल स्टुडिओच्या पॉलिसी डॉटनेटमध्ये लिहिलेल्या असतात आणि जावाचा क्लायंट त्या वाचत नाही. टीम एक्सप्लोरर एव्हरीव्हेअर या जावाच्या क्लायंटसाठी पॉलिसींची यादी वेगळी, एक्लिप्समधून वेगळी लावावी लागते. तुमच्याकडे कोणीतरी ती लावलेली दिसते. एक्लिप्समध्ये त्या पॉलिसींचा कोड प्लगइनबरोबर असतोच, म्हणून मुलांचं चेक-इन होतं. कमांड लाइनच्या क्लायंटला मात्र तो कोड कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दाखवावं लागतं. तुमच्या बिल्ड मशीनवर हे राहिलं असणार. पॉलिसी लागू आहे हे क्लायंटला कळतं, तिचा कोड सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणजे पास नाही, असा त्याचा हिशेब.

फोल्डर दाखवलंत तरी पुढे वर्क आयटमचा प्रश्न राहतोच. प्लगइनला वर्क आयटम म्हणजे काय ते ठाऊक नाही, ते फक्त फाइली आणि कमेंट पाठवतं. म्हणून तुमच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे: रिलीज प्लगइनकडून चेक-इन करवूनच घेऊ नका. मेव्हनच्या व्हर्जन्स प्लगइनमधलं ‘सेट’ फक्त पॉममधली आवृत्ती बदलतं, व्हर्जन कंट्रोलला हात लावत नाही. बॅकअप फाइली नको असतील तर तेही सांगता येतं. त्यानं पॉम बदलून घ्या आणि चेक-इन तुमच्या स्क्रिप्टमधून ‘टीएफ’ कमांडनं करा. जावाच्या क्लायंटमध्ये चेक-इनच्या कमांडलाच ‘असोसिएट’ म्हणून वर्क आयटमचा नंबर देता येतो. कमेंटही तुमच्याच हातात राहते. मग लेबल लावा, पुढची आवृत्ती सेट करा, दुसरं चेक-इन करा. ओळी थोड्याच होतात, आणि प्रत्येक ओळ का पडली ते तुम्हाला वाचता येतं. प्लगइनच्या पोटात शिरून शोधाशोध करावी लागत नाही.

‘ओव्हरराइड’ हा पर्यायही आहे. कारण लिहून पॉलिसी ओलांडता येते, आणि ते कारण चेंजसेटमध्ये, म्हणजे त्या चेक-इनच्या नोंदीत, कायमचं नोंदलं जातं. बिल्ड युजरसाठी मला हे मान्य आहे, कारण ते उघड आहे. ‘बिल्ड मशीनचं रिलीज चेक-इन, वर्क आयटम अमुक’ असं कारण लिहिलं तर नंतर शोधताही येतं. माणसांनी मात्र याची सवय लावून घेऊ नये.

रीड-ओन्लीचं कारण वेगळं. तुमचं वर्कस्पेस सर्व्हर प्रकारचं असेल, तर चेक-आउट केल्याशिवाय फाइल लिहिता येत नाही. स्क्रिप्टमध्ये पॉम बदलायच्या आधी ‘टीएफ एडिट’ द्या. रिलीज प्लगइनच ठेवायचं असेल तर त्यात यासाठी ‘यूज एडिट मोड’ हा पर्याय आहे. टीएफएस २०१२ पासून लोकल वर्कस्पेस आलं, त्यात ही कटकट नाही.

आणि एक सावधगिरी. तुमच्याकडे उद्या कोणी ‘गेटेड चेक-इन’ लावायचं म्हटलं, तर ती याच पॉलिसीची मोठी बहीण आहे असं समजू नका. ते टीएफएस २०१० पासून आहे आणि सर्व्हरवरच चालतं. बदल आधी शेल्व्हसेटमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या तात्पुरत्या कप्प्यात, जातात, बिल्ड पास झालं तरच खरे चेक-इन होतात. म्हणजे तुमच्या स्क्रिप्टचं चेक-इन झाल्यासारखं वाटेल, पण नवा पॉम अजून कोडमध्ये आलेला नसेल, आणि पुढच्या ओळीतलं लेबल जुन्याच आवृत्तीवर बसेल. तिथे ‘ओव्हरराइड’ कामाचं नाही. ‘बायपास’ वेगळं आहे आणि त्याला वेगळी परवानगी लागते.

प्रश्न: मी अमळनेरहून घरून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. गिट आहे. मेन ब्रँच प्रोटेक्टेड, सगळं मर्ज रिक्वेस्टमधूनच (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) जायला हवं. रिलीजचा जॉब ‘प्री-रिसीव्ह हुक डिक्लाइन्ड’ म्हणून पडतो. ‘नो-व्हेरिफाय’ लावून पाहिलं, फरक नाही. मॅनेजर म्हणतात रिलीजपुरतं प्रोटेक्शन काढू आणि नंतर लावू. (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: ‘नो-व्हेरिफाय’ तुमच्या लॅपटॉपवरचे प्री-कमिट आणि कमिट-मेसेज हुक टाळतं. प्री-रिसीव्ह सर्व्हरवर असतो, त्याला तुमच्या मशीनवरून टाळता येत नाही; तो आहेच त्यासाठी.

प्रोटेक्शन काढून पुन्हा लावायचं म्हणजे एक दिवस लावायचं राहणार. त्यापेक्षा रिलीजसाठी वेगळं बॉट खातं करा आणि त्या ब्रँचवर थेट पुश करण्याची परवानगी फक्त त्याला द्या. मोठ्या कंपनीत सिक्युरिटीवाले हे ऐकत नाहीत, ते माहीत आहे. मग काही जण रिलीजचे दोन कमिट वेगळ्या ब्रँचवर टाकून मर्ज रिक्वेस्ट काढतात. ते चालतं, पण मर्ज करताना ‘स्क्वॉश’ चालू असेल तर घात होतो. दोन कमिटचा एक नवा कमिट बनतो, आणि तुमचा टॅग जुन्या कमिटवर राहतो, जो मेन ब्रँचच्या इतिहासात कुठेच नसतो. पुढे कोणी ‘या टॅगनंतर काय बदललं’ विचारलं की उत्तर चुकीचं येतं. या मर्जपुरतं स्क्वॉश बंद ठेवा.

प्लगइनची एक सवयही समजून घ्या. गिटमध्ये ते कमिट केल्यावर लगेच पुश करतं. पुश नाकारला गेला तरी कमिट तुमच्याकडे स्थानिक राहतो. दुसऱ्यांदा चालवलं की गोंधळ वाढतो. ‘पुश चेंजेस’ हा पर्याय बंद करून ठेवला तर दोन्ही कमिट आणि टॅग आधी स्थानिक होतात, आणि पुश तुम्ही शेवटी एकदाच करता. ‘रिलीज परफॉर्म’ च्या, म्हणजे टॅगवरून बिल्ड करून प्रकाशित करायच्या, वेळी ‘लोकल चेकआउट’ चालू करायला विसरू नका, नाहीतर ते टॅग सर्व्हरवर शोधत बसेल. नकार आलाच तर टॅग काढा, ब्रँच सर्व्हरच्या जागी रिसेट करा, ‘रिलीज क्लीन’ करा. नुसतं शेवटच्या कमिटचा मेसेज ‘अमेंड’ करून भागत नाही, कारण टॅग त्याच्या आधीच्या कमिटवर असतो.

आता माझं खरं मत विचाराल तर तुमच्याकडे हा कमिट हवाच कशाला? आवृत्ती फाइलीत लिहायची, कमिट करायची, लगेच पुढची लिहायची आणि पुन्हा कमिट करायची, ही पद्धत ज्या काळातली आहे त्या काळात प्रोटेक्टेड ब्रँच नव्हती. मेव्हन ३.५.० पासून, म्हणजे २०१७ पासून, पॉममध्ये आवृत्तीच्या जागी ‘रिव्हिजन’ ही प्रॉपर्टी ठेवता येते आणि खरा आकडा बिल्डच्या वेळी कमांड लाइनवरून देता येतो. सोबत फ्लॅटन प्लगइन लावा. ते नसेल तर तुमच्या लायब्ररीच्या प्रकाशित पॉममध्ये आकड्याऐवजी प्रॉपर्टीचं नावच जातं आणि वापरणारा अडकतो. मग रिलीज म्हणजे एक टॅग. टॅग लावला की पाइपलाइन त्या टॅगच्या नावातून आवृत्ती काढते आणि बिल्ड करते. मेन ब्रँचवर कोणालाही, बॉटलाही, थेट लिहावं लागत नाही. टॅग कोणी लावावा यावर बंधन हवं असेल तर गिटलॅबमध्ये टॅगही प्रोटेक्ट करता येतात.

जळगावच्या मित्रांना मी हे का सुचवलं नाही? एसव्हीएनमध्ये टॅग हाच कमिट असल्यानं हुक तिथे उभा राहतोच. पण तीनचा एक कमिट होईल, हे खरं. साहेबांना दाखवायला हरकत नाही.

प्रश्न: मी शिरपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये हस्की (गिटचे हुक बसवणारं) आणि कमिटलिंट (कमिटचा मेसेज तपासणारं) लावलंय. ‘एनपीएम व्हर्जन पॅच’ दिलं की कमिटलिंट चिडतं. मेसेज तर मी लिहिलेलाच नाही! (एक विद्यार्थिनी, शिरपूर)

उत्तर: तू लिहिला नाहीस, एनपीएमनं लिहिला. ‘एनपीएम व्हर्जन’ पॅकेज फाइलीतला आकडा वाढवतं, कमिट करतं आणि टॅग लावतं, आणि कमिटचा मेसेज म्हणून नुसता आकडा टाकतं, समज ‘१.०.१’. नुसत्या आकड्याचा मेसेज कमिटलिंट एरवी सोडून देतं, पण तुमच्या ग्रुपनं ती सूट बंद केलेली दिसते; मग त्याला सुरुवातीला ‘फिक्स’, ‘फीट’, ‘चोअर’ असा प्रकार हवा असतो. त्याच कमांडला मेसेजचा पर्याय दे आणि आकड्याच्या जागी टक्केचिन्ह आणि त्याला चिकटून छोटं ‘एस’ लिही, एनपीएम तिथे आवृत्ती भरतं. म्हणजे ‘चोअर’, कंसात ‘रिलीज’, कोलन, एक जागा, आणि मग ते चिन्ह. दरवेळी टाइप करायचा कंटाळा येत असेल तर प्रोजेक्टच्या एनपीएम-आरसी फाइलीत ‘मेसेज’ म्हणून हेच लिहून ठेव, ग्रुपमधल्या सगळ्यांना लागू होईल. कमिट हुक बंद करून आवृत्ती वाढवायचाही पर्याय एनपीएममध्ये आहे, पण मेसेज दुरुस्त करणं इतकं सोपं असताना तो कशाला.

एक विनंती सगळ्यांना. पत्रासोबत लॉग पाठवताना शेवटची पानं पाठवू नका, तिथे फक्त ‘बिल्ड फेल्युअर’ असतं. पहिला नकार जिथे दिसतो त्याच्या आधीच्या काही ओळी पाठवा, हुकची किंवा पॉलिसीची फाइल सोबत जोडा, आणि पासवर्ड खोडून पाठवा. धुळ्याच्या पत्रात तो तसाच आला होता. भाऊ, बदलून टाका.